३० लिटरचा ओटीजी, सोबतचा ट्रे अन् बिडाचा तवा: घरच्या पिझ्झासाठी कशात दम आहे?

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घ्यायला गेलं की दुकानदार आधी लिटर सांगतो, मग पंखा, मग कोंबडी फिरवायची सळई. पिझ्झासाठी कामाचा प्रश्न वेगळाच आहे: आतली जाळी किती रुंद आणि किती खोल? ३० लिटरच्या नावाखाली एक ओटीजी उंच-अरुंद निघतो, दुसरा बुटका-पसरट. पिझ्झाला उंचीचा उपयोग नाही. टेप सोबत न्यावा आणि जाळी मोजावी. दोन्हीकडून किमान ३० सेंटिमीटर भरली तर २६ सेंटिमीटरचा, म्हणजे दहा इंची तवा आत बसतो आणि चहूबाजूंनी गरम हवा खेळायला जागा उरते. दार लागत नसेल किंवा तवा मागच्या भिंतीला टेकत असेल तर वरची बाजू एकसारखी भाजणार नाही.

आमचे गुण आधीच सांगून टाकतो. दोनशे तीस-अडीचशे अंशांपर्यंत जाणाऱ्या साध्या ३० लिटर ओटीजीला पाचपैकी साडेतीन. सोबत मिळणाऱ्या काळ्या ट्रेला शून्य. वेगळा घेतलेल्या बिडाच्या तव्याला पाच. पैसे मोजकेच असतील तर ४० लिटरच्या मागे लागू नका. ३० लिटरचा घ्या आणि उरलेल्यात तवा आणा.

कारण साधं आहे. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत ४३० अंशांच्या पुढे पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. घरचा ओटीजी त्याच्या निम्म्यावर थांबतो. हवा कितीही तापली तरी ती उष्णता हळूच देते, खालून जोरात धग द्यायला जड धातू लागतो. पातळ ट्रेवर २०० ग्रॅम ओला गोळा ठेवला की ट्रे गार पडतो. मग चीज वरून लालसर होतं आणि बूड मात्र वाफवल्यासारखं पांढरं, चिवट राहतं. तोच ट्रे रिकामा तापवून बघा, दहाव्या-बाराव्या मिनिटाला 'टण्ण' आवाज करून एका कोपऱ्यातून वाकतो. त्यात धग साठवायला काही नाहीच. नागपूरकरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. उलट्या मडक्यावरची लांब पोळी घडीभरात होते ती खालच्या साठवलेल्या धगीवरच.

तवा घेताना तीन गोष्टी बघायच्या. तो सपाट हवा, पोळीचा खोलगट चालत नाही, कारण मधे सॉस साचतो. लांब दांडा नको, दार लागणार नाही. दोन छोटे कान असलेला उत्तम. आणि वजन: दहा इंची, सहा मिलिमीटर जाडीचा बिडाचा तवा सव्वादोन-अडीच किलोच्या घरात भरतो. इतवारीत भांड्यांच्या दुकानात हातात घेतल्याबरोबर फरक कळतो. जाड लोखंडी तवाही चालेल, नॉनस्टिक अजिबात नको. त्याचा थर एवढा वेळ रिकामा तापवायसाठी नसतो.

विजेचं आधी बघून ठेवा. दीड हजार वॅटचा ओटीजी २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे फ्रिज-मिक्सरचा सहा अँपिअरचा सॉकेट नाही, सोळाचा पॉवर प्लग पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डवर तर लावूच नये. उन्हाळ्यात रात्री सगळ्या वस्तीचे कूलर-एसी चालू असताना व्होल्टेज २०० वर उतरलं, तर हाच ओटीजी साधारण ११३० वॅटच देतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. त्या दिवशी तवा तापायला पंधरा मिनिटं जास्त धरायची, ओटीजीला शिव्या द्यायच्या नाहीत. नवा ओटीजी पहिल्यांदा रिकामा, खिडकी उघडी ठेवून वीस मिनिटं पूर्ण तापमानावर चालवा. आतल्या तापणाऱ्या सळ्यांवरचा थर जळून वास येतो, तो पिझ्झात नको.

दिवा विझला म्हणजे तापला, ही समजूत सगळ्यात जास्त पिझ्झे बिघडवते. दिवा आतल्या हवेचं सांगतो, तव्याचं नाही. तवा खालच्या नाही, मधल्या खाचेत जाळीवर ठेवून, दोन्ही सळ्या चालू, पूर्ण तापमानावर ४० मिनिटं. घाई असेल तर तवा आधी गॅसवर मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तापवून जाड हातमोज्यांनी आत सरकवा, मग वीस मिनिटं पुरतात. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमानाच्या बटणाचा, आकडा वीस-तीस अंशांनी इकडे-तिकडे असणं नेहमीचंच. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घेतला की भांडण मिटतं.

आता पीठ. चार पिझ्झ्यांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम साखर, १५ ग्रॅम फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल. साखर आणि तेल नेपल्सच्या पिझ्झात नसतात, पण २३०-२५० अंशांत रंग आणि कुरकुरीतपणा यायला ते लागतात. इन्स्टंट यीस्ट त्याच दिवशी करायचं असेल तर ५ ग्रॅम, फ्रिजमध्ये २४ तास ठेवायचं असेल तर २ ग्रॅम. कोपरात (परातीत) आठ-दहा मिनिटं मळा. पीठ सुरुवातीला हाताला चिकटतं, तिथे मैदा भुरभुरायचा मोह होतो आणि तिथेच पिझ्झा कडक होतो. त्यापेक्षा पंधरा मिनिटं झाकून ठेवा, चिकटपणा आपोआप कमी होतो. छोटा तुकडा बोटांनी ताणला की पापुद्र्यातून उजेड दिसला पाहिजे. फाटला तर अजून मळा.

नागपुरात यीस्टचं प्रमाण कॅलेंडर बघून ठरवावं लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, त्यात यीस्ट टाकलं तर पीठ भराभर फुगतं, आंबूस होतं आणि ताणताना जाळीसारखं फाटतं. माठाचं किंवा फ्रिजचं पाणी घ्या, यीस्ट निम्मं करा आणि अर्ध्या तासापासूनच नजर ठेवा. कूलरसमोर उघडं ठेवलं तर वर कोरडी खपली धरते, म्हणून तेलाचा हात लावून झाकणाचा डब्बा वापरा. डिसेंबर-जानेवारीत उलट: त्याच पिठाला फुगायला तीन तासही लागतात. बंद ओटीजीत गरम पाण्याचा गंज (पातेलं) ठेवून शेजारी पीठ ठेवलं की काम होतं. मळायचं पाणी मात्र कोमटच हवं, चाळीस अंशांच्या वर नको. यीस्टचं फोडलेलं पाकीट उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका, हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका.

पौष्टिक म्हणून नुसत्या कणकेचा पिझ्झा करणाऱ्यांनी त्याला पिझ्झा म्हणू नये, एवढीच विनंती. चक्कीच्या पिठातला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे कापतो. १५० ग्रॅम कणिक आणि ३५० ग्रॅम मैदा, पाणी २० ग्रॅम जास्त, इथपर्यंत चव आणि जाळी दोन्ही टिकतात.

आपले टोमॅटो आंबट आणि पाणचट. अर्धा किलो टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल आणि बिया काढा, चार लसूण पाकळ्या, चमचाभर तेल, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर साखर घालून वीस-पंचवीस मिनिटं आटवा. ताटलीत चमचाभर ठेवला की कडेनं पाणी सुटता कामा नये. एका पिझ्झाला ५०-६० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे, बस. पाकिटातल्या चिली फ्लेक्सऐवजी भिवापुरी मिरची कोरडी भाजून भरड कुटा, रंगही चांगला येतो.

चीजच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांत दुधाऐवजी वनस्पती तेल पहिलं दिसलं तर ते मोझरेला नाही, 'ॲनालॉग' आहे. ते गरम असताना ताणलं जातं, थंड झालं की रबर होतं. आयतं किसलेलं चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेलं असतं, त्यामुळे ते नीट वितळत नाही. ब्लॉक आणून घरी किसा, दर पिझ्झाला ८० ग्रॅम. मशरूम आणि पालक आधी परतून पाणी उडवा, कांदा-सिमला मिरची पातळ आणि मोजकी. सावजी रस्सा पिझ्झावर ओतण्याचे प्रयोग होतात, पण तेलाचा तवंग बूड मऊ करतो. हवंच असेल तर चिकन कोरडं होईस्तोवर परता. तुळशीसारख्या बेसिलऐवजी उतरवल्यावर सांभार (कोथिंबीर) टाकला तर इटलीहून कोणी येत नाही.

२१५ ग्रॅमचा गोळा लाटू नका, लाटण्यानं कडेची हवा निघून जाते. बोटांनी मधून बाहेर दाबत नऊ इंच करा. पोळपाट उलटा करून त्यावर रवा भुरभुरा, पिझ्झा त्यावर ठेवा आणि सामान घातलं की लगेच हलवून बघा, सरकला पाहिजे. दोन मिनिटं थांबलात तर चिकटला समजा. पिझ्झाखाली कागद घालणार असाल तर किराणा दुकानातला 'बटर पेपर' पुष्कळदा मेणाचा असतो, तो आत धुरावतो. बेकिंगचाच कागद घ्या आणि तीन मिनिटांनी ओढून काढा. आठ ते दहा मिनिटं लागतात. दाराकडची बाजू नेहमी मागे राहते, म्हणून पाचव्या मिनिटाला पिझ्झा फिरवा. दुसरा पिझ्झा टाकण्याआधी जळलेला रवा कोरड्या फडक्यानं झाडा आणि तव्याला पाच-सहा मिनिटं पुन्हा तापू द्या. हे थांबणं चुकवलं की तिसऱ्या पिझ्झाचं बूड हमखास पांढरं.

बूड करपतंय आणि वर रंग नाही, तर जाळी एक खाच वर घ्या. वर करपतंय, तर खाली. मधेच ओलं राहिलं तर दोष ओटीजीचा नाही, सॉसचा किंवा भाज्यांचा.

चार पिझ्झ्यांना तापवण्यासकट साधारण दीड तास आणि थर्मोस्टॅट बंद-चालू होत असल्यानं साधारण दीड-दोन युनिट. दोन महिन्यांतून एकदा करणाऱ्यांनी ओटीजी घेऊच नये. तोच तवा गॅसवर ठेवून एक बाजू दीड-दोन मिनिटं शेकायची, उलटायची, शेकलेल्या बाजूवर सामान घालून मंद आचेवर पाच मिनिटं झाकायचं. चीजला लाल ठिपके येणार नाहीत, बाकी तक्रारीला जागा नाही.

तवा गरम असताना पाणी टाकू नका, बीड तडकतं. ओटीजीच्या काचेलाही ओलं फडकं लावू नका. थंड झाल्यावर पुसा, धुतला तर लगेच गॅसवर वाळवून फल्लीच्या तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात तो ओटीजीच्या आतच ठेवून दिला तर आठवड्यात तांबूस ठिपके धरतो, कागदात गुंडाळून वेगळा ठेवा.