तळपायाची आग आणि एका थेंबाचे दीड हजार

१,३०,००० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे तो कमी करून सांगायचा मोह होणार नाही. नातेवाइकांना मी 'तीस-चाळीस हजार गेले' असंच सांगितलंय. खरा आकडा हिला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आता तुम्हाला.

नळी लावून पायातून 'पू' ओढणारे भामटे तुम्ही ऐकले असतीलच. मीही ऐकले होते. पेपरात अशी बातमी आली तेव्हा चहा पिता पिता मी म्हणालो होतो, "लोक एवढे बावळट कसे असतात?" हिला ते वाक्य अजून पाठ आहे.

मी बावळट नाही. बी.कॉम. आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३१ वर्षं दिवाणजी होतो. सौद्याला उभा राहिलो, पट्ट्या लिहिल्या. पोत्यात हात घालून राजापुरी किती वाळलीय हे सांगायचो. वजनातला पाव किलोचा फरक माझ्या नजरेतून सुटला नाही कधी. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. हळदीचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून सांगतोय.

दुखणं सुरू झालं २०२२ च्या दिवाळीत. आधी बोटांना मुंग्या, मग तळव्यांची आग. लोक रागाच्या भरात 'तळपायाची आग मस्तकात गेली' म्हणतात. माझी तळपायातच राहते आणि रात्री दहानंतर जागी होते. पांघरुणाची कड अंगठ्याला लागली तरी मिरची चोळल्यासारखं होतं. कित्येक रात्री मी स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर पाय टेकवून बसून काढल्या. दहा मिनिटांनी ती फरशी गरम झाली की पुढच्या फरशीवर सरकायचं. आणि दिवसा पाय बघावा तर कुठे सूज नाही, लाली नाही, काही नाही. दिसत नसलेलं दुखणं लोकांना किती दिवस सांगणार?

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली. (इथंच एक सांगून ठेवतो. इंजेक्शन घेण्याआधी रक्तातलं बी-१२ तपासून घ्या. नंतर तपासलं तर आकडा वर गेलेला असतो आणि आधी ते कमी होतं की नाही हे कुणालाच कळत नाही. माझं तेच झालं.) मग हाडांचे डॉक्टर, एमआरआय ६,५०० रुपये, 'गादी किंचित सरकलीय, या वयात असतंच'. उपाशीपोटी साखर ९८, म्हणजे नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. मग मेंदू-नसांचे डॉक्टर. त्यांनी प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्याची गोळी, ७५ ची, सकाळ-संध्याकाळ दिली. तिनं आग निम्म्यावर आली, पण नाव काही मिळालं नाही. दोन वर्षांत फाईलमध्ये ४१,३६० रुपयांची बिलं जमली आणि प्रत्येक कागदावर एकच शब्द: नॉर्मल.

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४. मिरजेत नसांची करंटवाली तपासणी झाली, एनसीव्ही म्हणतात ती. २,८०० रुपये. तिथले डॉक्टर चांगले असतील, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण बाहेर नंबर लावून मी तीन तास बसलो आणि आत चार मिनिटं. "रिपोर्ट नॉर्मल आहे काका. मनाला लावून घेऊ नका. एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून घ्या." म्हणजे मी खोटं सांगत होतो काय?

मिरज दवाखान्यांचं गाव. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातली माणसंसुद्धा इथं दुखणी घेऊन येतात. आणि जिथं दुखणं घेऊन माणसं येतात तिथं ही गिधाडंही बसलेली असतात.

रस्त्यापलीकडे टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं बादलीतलं पाणी ओतलं होतं, तिथं मी चपला काढून ओल्या जमिनीवर पाय ठेवून बसलो. शेजारी पस्तिशीचा एक माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात एक्स-रेचं पाकीट.

"काका, पाय जळतात का हो? चपला काढून बसलाय म्हणून विचारलं. आमच्या आईचं असंच हुतं बघा."

दोन वर्षांत कुणी मला हे आपणहून विचारलं नव्हतं. डॉक्टरनं नाही, मुलानं नाही. तिथंच मी निम्मा विकला गेलो.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. आईला फोन लावून दिला. आई म्हणाली, "दोन वर्षं झोप न्हवती भाऊ, आता नरसोबाच्या वाडीला चालत जाऊन आले." वैद्यमहाराज महिन्यातून दोनच दिवस या भागात असतात. ते पैशाला हात लावत नाहीत, फक्त औषधाची किंमत. तेवढ्यात टपरीवर आणखी एक जण आला आणि म्हणाला, "तुम्हीबी त्यांच्याकडंच जाता व्हय?" तोही त्यांचाच होता, हे आता कळतं.

गुरुवारी, १४ तारखेला, सकाळी अकराला वैद्य आणि त्याचा मदतनीस मोटरसायकलवरून सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी आले. वैद्य पन्नाशीचा. त्यानं माझी फाईल बघितली, एकेक पान उलटून, चष्मा काढून. वीस मिनिटं. मग तळव्यावर अंगठा दाबून म्हणाला, "याला नसपूय म्हणतात. नसेत पू साठलाय. मशीनला दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो."

मला नाव मिळालं. खोटं होतं, पण नाव होतं. हे वाचून हसणाऱ्यांनी दोन वर्षं बिननावाचं दुखणं काढून बघावं, मग हसावं.

नसेत पू साठत नाही. हे मी आता लिहितोय. त्या दिवशी एखाद्या नर्सला फोन केला असता तरी कळलं असतं.

ब्लेडनं बारीक चीर, वर तांब्याची वीतभर नळी, नळीला तोंड. ओढायचं आणि स्टीलच्या ताटलीत सोडायचं. पिवळा घट्ट थेंब. दर आधी ठरला होता: एका थेंबाला १,५०० रुपये. "पाच-दहा निघतील," म्हणाला. दर थेंबावर असेल तर त्याच क्षणी दार दाखवा, कारण थेंब मोजणाराही तोच आणि काढणाराही तोच. मी अडत दुकानात असतो तर असा सौदा करणाऱ्याला यार्डाबाहेर काढलं असतं.

आता तो क्षण. रोज रात्री मी तिथंच जाऊन बसतो.

विसाव्या-बाविसाव्या थेंबाला एक थेंब ताटलीत न पडता चादरीवर पडला. मी बोट लावलं. बोट पिवळं झालं. आणि ते पिवळं माझ्या ओळखीचं होतं. पू असा नसतो, पू बोटाच्या रेषांत बसत नाही. ३१ वर्षं माझ्या नखांच्या कडेला हाच रंग होता. मी बोट नाकाजवळ नेलंही. पण खोलीत त्यांनी धूप आणि कापूर पेटवला होता, आणि दुसरं म्हणजे, जन्मभर हळदीत वावरलेल्या माणसाला हळदीचा वास येतच नाही. यार्डातल्या कुठल्याही हमालाला विचारा. तरीही डोळ्यांना दिसलं होतं. डोळ्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं नाही, कारण ऐकलं असतं तर दुखणं परत बिननावाचं झालं असतं. मदतनीस मोठ्यानं म्हणाला, "तेवीस!" आणि मी बोट लुंगीला पुसलं.

६३ थेंब झाले. ६३ गुणिले १,५०० म्हणजे ९४,५००. वर औषधाच्या पुड्या ३२, प्रत्येकी १,२०० प्रमाणे ३८,४००. एकूण १,३२,९००. वरचे २,९०० त्यानं 'काकांसाठी' सोडले. घरात ४२,००० होते, त्यातले १५,००० हिच्या भिशीचे. उरलेले यूपीआयनं, आधी ५०,००० आणि मग ३८,०००. पाठवताना फोनवर कुणा बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, "बहिणीचं खातं आहे." वैद्य पैशाला हात लावत नाही ना, म्हणून! पैसे पाठवताना पडद्यावर वेगळं नाव दिसलं तर तिथंच थांबा.

जाताना तीन पथ्यं: इंग्रजी गोळ्या आजपासून बंद, पट्टी सोडायची नाही, आणि चादर नऊ दिवस धुवायची नाही. चादर का धुवायची नाही, हे आम्हा नवरा-बायकोला विचारावंसं वाटलं नाही.

गोळ्या बंद केल्या तशी दुसऱ्या दिवसापासून घाम, मळमळ, डोळ्याला डोळा नाही, आग दुप्पट. फोन केला तर म्हणाला, "विष बाहेर पडतंय, आनंद माना." प्रीगॅबालिन अशी एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असते. कुणीही, कितीही मोठा महाराज असो, चालू गोळ्या बंद करा म्हणाला तर आधी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला विचारा.

शनिवार, २३ नोव्हेंबर. विधानसभेचा निकाल होता, गल्लीत फटाके, गुलाल. नऊ दिवस भरले म्हणून हिनं चादर धुवायला घेतली. मागच्या दारातून हाक आली, "अहो, इकडं या."

दगडावर चादर पसरलेली. पिवळ्या डागाला साबणाची वडी लागली होती तेवढा भाग लालभडक. बाकीचा पिवळा. ती काही बोलली नाही, मीही नाही. ३१ वर्षं तिनं माझे सदरे धुतले होते. हळदीला साबण लागला की लाल होतो, हे आमच्या घरात शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तेच हे.

तिनं नळ बंद केला आणि आत गेली.

फोन लावला, बंद. 'आई'चाही बंद. संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवलं, तक्रार क्रमांक मिळाला, पण नऊ दिवसांत ते खातं रिकामं झालं होतं. १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत, पैसे पुढे सरकण्याआधी. लाज आवरून बसू नका, आधी फोन फिरवा.

आता आपली व्यवस्था. सोमवारी पहिल्या पोलीस ठाण्यात गेलो. "इलेक्शनचा बंदोबस्त आत्ता संपलाय, साहेब रजेवर." मंगळवारी गेलो. "ओळख कुठं झाली? मिरजेत? मग तिकडं जावा." तिकडं गेलो. "पैसे कुठं दिले? घरी? मग ते तिकडचं." बुधवारी परत पहिल्या ठाण्यात. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं दिले ना? मग फसवणूक कशी?" स्वतःच्या हातानं दिले म्हणूनच फसवणूक! हिसकावून नेले असते तर चोरी म्हटलं नसतं का? चादर दाखवली. म्हणाला, "हे धुऊन टाका."

औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात २३ पुड्या घेऊन गेलो. (३२ मधल्या ९ मी खाल्ल्या होत्या.) तिथं लेबल विचारलं, बिल विचारलं. नाही म्हटल्यावर "मग हे औषध आहे हे कशावरून?" अहो, तेच तर तुम्ही तपासायचं! बोगस डॉक्टर शोधणाऱ्या कार्यालयात विचारलं, "त्याचा दवाखाना कुठं आहे? पत्ता द्या, छापा टाकू." दवाखाना असता तर तो मोटरसायकलवर कशाला आला असता? बँकेत तर मान वर न करता सांगितलं, पिन तुमचाच आहे.

शेवटी भाच्याच्या ओळखीतल्या वकिलानं सांगितलं की १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८. हे दोन आकडे कागदावर लिहून चौथ्यांदा गेलो तेव्हा कुठं हद्दीचा विषय थांबला. अर्ज घेतला, पोच दिली. गुन्हा अजून नोंदला नाही. तोंडी सांगून घरी येऊ नका. लेखी द्या, पोच घ्या.

मुलाला सतरा दिवसांनी सांगितलं. तो पुण्याहून आला, ओरडला नाही. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी पुड्यांचं ऐकलं आणि रक्तातलं शिसं तपासायला लावलं, कारण असल्या पुड्यांत शिसं सापडतं आणि शिशानं नसाच खराब होतात. नशिबानं तपासणी ठीक आली. मग त्यांनी टाचणी आणि गार चमचा घेऊन पायावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तपासलं. म्हणाले, करंटवाली तपासणी जाड नसांची असते; जळजळ सांगणाऱ्या नसा बारीक, त्या तिच्यात सापडतच नाहीत. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल होता आणि मीही खरा होतो. हे मिरजेत चार मिनिटांतलं एक मिनिट खर्चून कुणी सांगितलं असतं, तर मी त्या ओल्या जमिनीवर बसलोच नसतो. साखरेचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त घेतलं तर १६८. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. तेच कारण असेल असं नाही, पुष्कळांत कारण सापडतच नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. घोट्याजवळच्या कातडीचा कणभर तुकडा तपासणीला पाठवलाय.

पांढऱ्या शर्टवाल्याच्या डाव्या भुवईत आडवा व्रण आहे. वैद्य बोलताना चष्मा काढून हातात धरतो, मोजणारा मदतनीस आकडे मोठ्यानं म्हणतो. मिरज, सांगली, जयसिंगपूर, कुठेही तुमच्याकडून असेच थेंब मोजून घेतले असतील तर लाजू नका, जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या. एकट्याच्या अर्जावर ते बसतात, दहा आले तर उठावं लागेल. आणि घरात तसली चादर असेल तर तिला साबण लावू नका, पोलिसांसमोर लावा.