घरचा ग्लुकोमीटर आणि फॅटी लिव्हर: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

वजन जास्त आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये साठलेली चरबी) निघालंय, पण सकाळची उपाशीपोटीची शुगर शंभराच्या आत आहे म्हणून जे निर्धास्त आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून घरीच रक्तातली साखर मोजायचं यंत्र, घ्यावा का, घेतला तर कशासाठी वापरावा आणि त्याच्याकडून कसली अपेक्षा धरू नये, हे वापरून वापरून जेवढं कळलं तेवढं सांगते. मी डॉक्टर नाही. वय 47, राहायला मुलुंडला, नोकरी फोर्टला.

सुरुवातीचे माझे आकडे आधी देते, म्हणजे पुढचं नीट लागेल. उंची 158 सेंटीमीटर, वजन 84 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) 33 च्या वर. भारतीयांसाठी लठ्ठपणा 25 पासूनच धरतात, 30 पासून नाही, कारण त्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त असते आणि ती पोटात साठते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. सडपातळ माणसाची ही गत, तर माझ्यासारखीच्या पोटात काय असेल ते मला तिथेच उमगलं.

पोटात उजव्या बाजूला दुखायचं म्हणून पित्ताच्या खड्यांच्या शंकेनं सोनोग्राफी झाली. खडे नव्हते. ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ होतं. उपाशीपोटी शुगर 97, एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) 52. घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण शुगर नॉर्मल. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. लॅबमध्ये 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायला लावलं. आकडा आला 172. दोन तासांनंतरचा 140 च्या आत असेल तर ठीक, 140 ते 199 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 200 आणि वर म्हणजे मधुमेह. म्हणजे सकाळचा आकडा निर्दोष आणि खाल्ल्यावरचा बिघडलेला, हे एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या रक्तात होतं.

असं का होतं, हे डॉक्टरांनी फार छान समजावलं. रात्री आपण जेवत नाही तेव्हा लिव्हर रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहतं, आणि ते किती सोडायचं यावर इन्सुलिनचा ताबा असतो. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून आकडा सांभाळून धरतं. जोवर त्याला जमतंय तोवर सकाळची शुगर छान दिसते. जेवणानंतर एकदम साखर येते तेव्हा मात्र त्याची दमछाक उघडी पडते. शिवाय जास्तीच्या इन्सुलिनमुळे लिव्हर उरलेल्या साखरेची आणखी चरबी करतं. चरबीमुळे शुगर, शुगरमुळे चरबी, असा हा फेरा आहे. 2023 मध्ये या आजाराचं जुनं नाव बदलून ‘मॅसल्ड’ केलं तेही याच कारणानं. आधीचं नाव फक्त ‘दारूमुळे न झालेला’ एवढंच सांगायचं, नव्या नावात चयापचयाचा बिघाड आला. आपल्या सरकारनंही 2021 मध्ये फॅटी लिव्हरला मधुमेह, हृदयविकार आणि कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं.

तर, मीटर. एका नामांकित कंपनीचा साधा मीटर घेतला, मोबाइलला न जोडणारा. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुला डायबेटिस नाही ना, मग बोटं कशाला टोचून घेतेस?” प्रश्न रास्त होता. रोज उठून उपाशीपोटी तपासायचं असेल तर खरंच नको घ्यायला. माझ्यासारखीला त्यातून काहीच कळत नाही, तोच तो 95 ते 105 चा आकडा. उपयोग आहे तो जोडीनं तपासण्यात: जेवणाआधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. दोन्हींतला फरक बघायचा. रोज नाही, आठवड्यातून एखाद-दोन जेवणं निवडायची.

या जोड्यांनी मला जे दाखवलं ते कुठल्या आहारतक्त्यानं दाखवलं नव्हतं. कांदेपोहे आणि चहा: 99 वरून 171. त्याच पोह्यांत मटकीची उसळ मिसळून, पोहे निम्मे करून: 139. ज्वारीच्या भाकरीबद्दल माझी फार श्रद्धा होती, पण दोन मोठ्या भाकऱ्यांनीही आकडा भातासारखाच चढला. एक भाकरी, भरपूर पालेभाजी आणि बांगडा असं ताट असेल तर फरक तीसच्या आत. ऑफिसखालचा वडापाव मला वाटला होता त्यापेक्षा हळू चढला, तेलामुळे साखर उशिरा येते म्हणून. दोन तासांचा आकडा बरा दिसला म्हणून तो लिव्हरला चालतो असं समजू नका. तेल-मैद्याचा हिशेब मीटरवर दिसत नाही. उसाचा रस आणि पॅकबंद ज्यूस मी तपासलेच नाहीत, बंदच केले. त्यातली फ्रुक्टोज थेट लिव्हरकडे जाते आणि शुगरचा आकडा ती पुरती दाखवतही नाही.

सगळ्यांत मोठा धक्का संकष्टीचा. दिवसभर उपवास आणि चंद्रोदयाआधी साबुदाण्याची खिचडी: दोन तासांनी 198. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे माहीत होतं, पण आकड्यात बघणं वेगळं. उपवास करणं मी थांबवलं नाही. आता राजगिऱ्याची एक भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही आणि काकडीची कोशिंबीर खाते. सासूबाईंनीही तेच सुरू केलं.

जेवणाचा क्रम बदलणंही जमलं. आधी कोशिंबीर-भाजी-डाळ, भात शेवटी आणि थोडा. आणि रात्री जेवून लगेच पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चालणं. पावसात जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये चालले. तेवढ्यानं त्याच ताटाचा आकडा वीस-पंचवीसनं खाली येतो, हे मी पुन्हा पुन्हा पडताळलंय.

आता मीटरच्या मर्यादा, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात शंभर आणि त्यापुढच्या आकड्याला 15 टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे खरी शुगर 160 असेल तर मीटरनं 136 दाखवलं काय किंवा 184 दाखवलं काय, यंत्र पास. म्हणून 152 की 158 यावर जीव जाळू नका. मीटरच्या आकड्यावरून मधुमेह आहे किंवा नाही हेही ठरवू नका, ते लॅबच्या रक्तावरूनच ठरतं. जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते. लॅबमध्ये रक्त देताना त्याच वेळी बोट टोचून मी ताडून पाहिलं: लॅब 97, मीटर 104. पुरेसं जवळ.

माझं हिमोग्लोबिन तेव्हा 9.9 होतं. रक्त कमी असलं की मीटर थोडा वाढीव आकडा देऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसीही खोटी वाढलेली येऊ शकते. माझी 6.3 आली होती. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, आणि किती जणींना हे कुणी सांगतं? शुगरच्या रिपोर्टसोबत सीबीसी (हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ताची साधी तपासणी) बघायला सांगाच.

मुंबईच्या हवेत मीटरच्या पट्ट्या (ज्यांवर रक्ताचा थेंब घेतात) हा वेगळा विषय आहे. डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेनं पट्टीवरचं रसायन खराब होतं. जुलैमध्ये एका डबीनं ओळीनं चमत्कारिक आकडे दिले. खात्री करायला लागणारं कंट्रोल सोल्युशन जवळच्या एकाही केमिस्टकडे नव्हतं आणि कंपनीच्या हेल्पलाइनवर दाद लागली नाही. ही माझी खरी तक्रार आहे. मीटर सवलतीत विकायचा आणि तो बरोबर चालतोय का हे तपासायचं साधन मिळू द्यायचं नाही, हे चुकीचं आहे. डबी बेडरूमच्या कपाटात ठेवा. फ्रिज नको, स्वयंपाकघरही नको. एक पट्टी दहा ते पंचवीस रुपयांना पडते, त्यामुळे घेण्याआधी मीटरची नाही, पट्टीची किंमत विचारा. हात साबणानं धुऊन कोरडे करून मगच टोचा. आंबा किंवा केळं सोलल्या बोटानं घेतलेला आकडा भलताच येतो. बोटाच्या कडेला टोचा, मधोमध दुखतं.

गणपतीत पाहुण्यांनी एकामागून एक बोटं पुढे केली. मी नाही म्हटलं, दोघीजणी रुसल्याही. टोचायचं पेन एकाचं दुसऱ्यानं वापरूच नये, सुई बदलली तरी नाही. हिपॅटायटिस बी असा पसरतो, आणि इथे तर आपण लिव्हरचीच काळजी घेतोय. ज्यांना तपासायचंय त्यांनी महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’त जावं.

दंडावर लावायचा दोन आठवड्यांचा सेन्सरही एकदा वापरला, पाच हजारांच्या आसपास गेले. आलेख बघायला छान, पण त्या कुशीवर झोपलं की खोटी कमी शुगर दाखवतो आणि लोकलच्या घामानं कडा सुटल्या. मला मीटर पुरला.

मीटरला लिव्हर दिसत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. चरबीबरोबर लिव्हर कडक होऊ लागलंय का, हा खरा धोक्याचा प्रश्न, आणि एसजीपीटी नॉर्मल असलं तरी ते होत असू शकतं. त्यासाठी फिब-फोर नावाचा हिशेब आहे: वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट. चारही गोष्टी साध्या रिपोर्टमध्ये असतात, वेगळा खर्च नाही. 1.3 च्या आत असेल तर धोका कमी. माझा 1.03 आला, तरी डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा आणि चरबी बाहेरूनच मोजणारी तपासणी) करून घेतला. कडकपणा 6.1 किलोपास्कल, चरबीचा आकडा 318.

या मार्चमध्ये सगळं पुन्हा तपासलं. वजन 77, हिमोग्लोबिन 12.1. फायब्रोस्कॅनमध्ये चरबी 271, कडकपणा 5.4. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 136. उपाशीपोटीची शुगर 97 होती, ती आता 94.