२५ टक्के कॉटनचं जलरंग पॅड: सरावाला उत्तम, सबमिशनला नाही

३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभाग), ए४. तलावपाळीला आउटडोअर (बाहेर बसून चित्रं) करणाऱ्या ठाण्यातल्या विद्यार्थ्यांनी रोजच्या सरावासाठी हे पॅड जरूर घ्यावं. सपाट वॉश (पातळ रंगाचा एकसारखा थर) सुरेख बसतो. मात्र कागद हाताला गार लागतोय तोवर दुसरा थर देऊ नका. आत ओल असते, खालचा रंग उचलला जातो आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. पावसाळ्यात तर वाळायला फारच वेळ लागतो. दमट हवेने कागदाचं सायझिंगही (पाणी पटकन शोषू न देणारं द्रव्य) बिघडतं, मग रंग टिपकागदासारखा आत शिरतो. उघडलेलं पॅड झिपच्या पिशवीत, सिलिका जेलसोबत ठेवा.

चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या पारदर्शक जलरंगांचा अभ्यास करताना उजेड कागदाच्या पांढऱ्यातूनच आणायचा असतो. तिथे हे पॅड अपुरं पडतं: ओल्या ब्रशने दोन-तीनदा घासलं की तंतू वर येतात, त्यावर स्वच्छ कड मिळत नाही. कडेला लावलेली मास्किंग टेप चित्र पूर्ण वाळल्यावरच, तिरकी आणि सावकाश काढा.

थंबनेल (छोटी कच्ची चित्रं), टोनल स्टडी (उजेड-सावलीचा सराव), रंगपट्ट्या या पॅडवर करा आणि शेजारी पाण्याचं प्रमाण पेन्सिलने लिहा. अंतिम चित्राला १०० टक्के कॉटनच घ्या.