ब्रॉकेज म्हणून घेतलेले नाणे दाबून बिघडवलेले निघाले

टाकसाळीतील चुकीचे एखादे जुने नाणे संग्रहात असावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती आणि त्या घाईतच मी फसलो. विक्रेत्याने ‘ब्रॉकेज’ (आधीचे नाणे अडकून राहिल्याने एका बाजूवर उलटा ठसा उमटलेले नाणे) म्हणून दाखवलेल्या नाण्याच्या मागील बाजूवर मुखपृष्ठावरील चेहऱ्याची आत खचलेली, आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा होती. त्याने माझ्यासमोर नाण्याचे वजन केले, ते अचूक भरले, आणि एवढ्यावरच मी ते विकत घेतले.

घरी आणल्यावर भिंगाखाली त्या उलट्या चेहऱ्याच्या गालावर मागील बाजूच्याच मजकुराची चपटी झालेली अक्षरे दिसली, तेव्हा सारा प्रकार उघड झाला. टाकसाळीत पाडलेले नाणे बाहेर न पडता डायला, म्हणजे ठसा उमटवणाऱ्या साच्याला, चिकटून राहिले, तर पुढची कोरी चकती त्या नाण्यावर दाबली जाते. तिच्या एका बाजूवर नेहमीचा ठसा येतो आणि दुसरीवर चिकटलेल्या नाण्याचा उलटा, खोलगट ठसा उमटतो. या दुसऱ्या बाजूला डायचा स्पर्शच झालेला नसल्याने तिथे मूळ नक्षीचा अवशेष सापडण्याचे कारण नाही. माझ्या नाण्यावर मात्र दोन्ही नक्ष्या एकमेकींवर होत्या, म्हणजेच पूर्ण तयार झालेली दोन नाणी कोणीतरी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने घट्ट होणाऱ्या लोखंडी पकडीत, आवळली होती. मुखपृष्ठावरील चेहऱ्याचे नाक आणि केसांचे उंचवटेही सपाट झाले होते, कारण ती बाजू थेट व्हाइसच्या जबड्याला टेकलेली होती. विक्रेत्याने ती बाजू ‘वापराने झिजलेली’ म्हणून सांगितली होती आणि मी ते मान्य केले, याचे मला आजही वाईट वाटते.

असे नाणे घेणाऱ्यांनी दोन्ही बाजू आणि कड तिरप्या प्रकाशात स्वतः पाहावी, कारण छायाचित्रात खोलगट आणि उठावदार भाग सहज उलटसुलट भासतात. चकती कापताना कडेचा तुकडा गेलेल्या नाण्यांतही अशीच लबाडी चालते. तिथे कापाच्या बरोबर समोरची कड अनेकदा पुसट असते, आणि ती ठसठशीत असून कापावर कानशीचे ओरखडे असतील तर ते नाणे घेऊ नये.

दाबल्याने धातू कमी होत नाही, म्हणून वजन बरोबर भरणे हा इथे पुरावाच नव्हता. हे सर्व दाखवून मी पैसे परत मागितले, तेव्हा त्या विक्रेत्याने पुन्हा वजनकाटाच पुढे केला.