गादीची झिपवाली खोळ: दोन पावसाळ्यांनंतर

मुलीच्या दम्यासाठी, गादीतले सूक्ष्म जीव अडवायला घेतलेल्या दोन सिंगल गाद्यांच्या खोळी प्रत्येकी १,६९० रुपये, उशांचे दोन अभ्रे प्रत्येकी ४४०. सगळे मिळून ४,२६०. २०२४च्या मे महिन्यात मागवल्या होत्या आणि आता ऑक्टोबर २०२५मध्ये लिहितेय, कारण कोकणात असल्या वस्तूची परीक्षा पावसातच होते. एका उन्हाळ्याच्या अनुभवावर चांगलं-वाईट ठरवणं मला पटलं नसतं.

आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या खालच्या अंगाला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात छातीपर्यंत आलं. गाद्या, उशा, गोधड्या सगळं चिखलासकट फेकावं लागलं. नंतर घाईघाईत ज्या कापसाच्या गाद्या करून घेतल्या त्यांत जुनाच कापूस पिंजून भरलेला होता, हे पुढं एक शिवण उसवली तेव्हा कळलं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. त्या थंडीत तिला पहाटे तीन-साडेतीनला खोकला सुरू व्हायचा आणि उजाडेपर्यंत मी तिला मांडीवर बसवून ठेवायची. मग छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि डॉक्टरांनी दमा असल्याचं सांगितलं.

पुढं कोल्हापूरला त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी केली. ज्यांची ॲलर्जी असू शकते त्या गोष्टींच्या अर्काचे थेंब हातावर टाकून हलकंसं टोचतात आणि पंधरा मिनिटांनी गांधी केवढी उठली ते मोजतात. झुरळाची लहानशी उठली. डस्ट माइटची सगळ्यात मोठी.

हे माइट कोळ्याच्या कुळातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. चावत नाहीत; त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणून घरातली आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली ठेवली की ते सुकून मरतात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी साडेतीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून मुलीच्या उशाशी ठेवला. जुलैत ८६, ८८. एसी रात्रभर ड्राय मोडवर ठेवला तर ६२. लाइट गेली की दोन तासांत परत ८०. जून ते सप्टेंबर ५० हा आकडा मी एकदाही पाहिला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, हार मानायची माझी तयारी नव्हती, पण चार महिने तो आकडा बघून एक गोष्ट नक्की कळली: आमच्या हवेत माइट मरणार नाहीत. मग गादीतला माइट आणि मुलीचं नाक यांच्यामध्ये भिंत उभी करणं एवढंच हातात उरतं. ही खोळ म्हणजे ती भिंत.

त्याआधी दिरांनी ठाण्याहून त्यांचा एअर प्युरिफायर पाठवला होता. चांगलं यंत्र, अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं. पडद्यावरचा पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचा, आकडा तासाभरात खाली यायचा आणि मला हायसं वाटायचं. पहाटेचा खोकला मात्र तसाच. कारण नंतर समजलं. माइटची घाण असते जड. हवेत तरंगत राहत नाही, थोड्या वेळात खाली बसते. मूल कूस बदलतं, उशीवर डोकं घुसळतं, तेव्हा ती नाकापासून चार बोटांवर उडते. कोपऱ्यातलं यंत्र तिला ओढून घेईपर्यंत श्वास आत गेलेला असतो. धुरासाठी मात्र प्युरिफायर खरोखर उपयोगी आहे. शेजारी पालापाचोळा जाळतात त्या दिवशी मी तो अजून लावते. पण धूर घरातच करायचा आणि मग यंत्र लावायचं, यात काही अर्थ नाही. एका डास-कॉइलमधून निघणारा सूक्ष्म धूर सुमारे शंभर सिगारेटींएवढा असतो, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या लोकांनी मोजून सांगितलं आहे. ते वाचलं त्या दिवशी कॉइल बंद केली आणि मच्छरदाणी लावली. सासूबाई संध्याकाळी धूप घालायच्या. त्यांना मी काही बोलले नव्हते. एका रात्री नातीची धाप त्यांनी स्वतः पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून धुपाटणं अंगणात तुळशीपाशी गेलं.

आता खोळीकडे येते. आधी मी चुकीची घेतली होती, ते सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. 'अँटी-ॲलर्जी' असं लिहिलेलं, कडेला इलॅस्टिक असलेलं, पलंगपोसासारखं वरून ओढायचं कव्हर होतं. गादीची खालची बाजू उघडीच. शिवाय आतून प्लास्टिकचा थर, त्यामुळे मे महिन्यात मुलगी घामानं भिजून उठायची. पंधरा दिवसांत काढून टाकलं.

आताची खोळ सहाही बाजूंनी गादीला गिळून टाकते आणि झिपनं बंद होते. कापड प्लास्टिकचं नाही, अतिशय घट्ट विणीचं आहे. विणीतली छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या खोळीवर ६ मायक्रॉन असं लिहिलेलं आहे. मी घरी एक साधी परीक्षा केली: अभ्रा तोंडाशी धरून फुंकर मारली. हवा जाते, पण जोर लावावा लागतो. साध्या सुती अभ्र्यातून ती सरळ निघून जाते. झिपचे दात बारीक आहेत आणि तिच्यावरून कापडाची पट्टी येते. जिथं झिप संपते त्या टोकाला बोटभर फट राहते, तिथं मी रुंद चिकटपट्टी लावते. कंपनीनं यावर विचार करायला हवा होता.

घालायला दोन माणसं लागतात. कापसाची गादी कुठं फुगीर, कुठं बसकी; ती आत सरकवताना आम्हा दोघांचे हात भरून आले. मी सहा इंच जाडीची खोळ मागवली आणि गादी निघाली जेमतेम साडेचार इंच. चादरीखाली सुरकुत्या पडतात, मुलगी पहिले काही दिवस कुरकुरली. तुम्ही गादी चारही बाजूंनी मोजा, जाडीसुद्धा, आणि मगच मागवा. कापड कुशीवर वळताना थोडं सळसळतं, आठवडाभरात कानांना सवय होते. गरम होतं का? थोडं होतं, पण आधीच्या प्लास्टिकवाल्याच्या मानानं काहीच नाही.

खोळ घातली म्हणून चादरी धुणं सुटत नाही, कारण कोंडा वरच्या चादरीवर पडतच राहतो. दर रविवारी चादरी, वरचे अभ्रे आणि पांघरूण मी गीझरच्या ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवते. कोमट पाण्यात घाण निघते, पण माइट बरेचसे जिवंत राहतात. पावसात कपडे बेडरूममध्ये वाळत घालायचे नाहीत, पडवीत घालायचे. खोलीत घातले की मापकावरचा काटा लगेच चढलेला दिसतो. खोळ स्वतः मी तीन महिन्यांनी एकदा धुते. आतापर्यंत सहा धुण्यांत वीण सैल झालेली नाही. एका उशीच्या अभ्र्याची झिप मात्र मार्चमध्ये तुटली, कंपनीनं तो दहा दिवसांत बदलून दिला.

सगळ्यात अवघड होती माझ्या आईनं जुन्या नऊवारी लुगड्यांची शिवलेली गोधडी. मुलगी तिच्याशिवाय झोपत नसे. पाच थरांची, भिजली की दोघांना न उचलणारी. शेवटी आईनंच ती उसवून दोन थरांची केली, आता ती चादरींबरोबर धुता येते. कापडी हत्ती महिन्यातून एकदा पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये राहतो, मग धुतला जातो. गोठवल्यानं माइट मरतात, पण घाण तशीच राहते, म्हणून धुणं हवंच.

फरक पडला का? मी वहीत रात्रीचा खोकला लिहून ठेवते. जून ते सप्टेंबर २०२३मध्ये ३१ रात्री. २०२४मध्ये १४. यंदा ९. नेब्युलायझरसाठी (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रासाठी) दवाखान्यात धाव घ्यावी लागली ती २०२३मध्ये चार वेळा, या दोन पावसाळ्यांत मिळून एकदा. याचं सगळं श्रेय खोळीला देणं खोटं होईल. त्याच सुमाराला आम्ही पुरात भिजलेला गिलावा चार फुटांपर्यंत खरवडून नवा केला, त्यामागची काळी बुरशी गेली. आणि रोजचा इन्हेलर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून नीट द्यायला लागलो. 'पंपाची सवय लागते' असं ऐकून आधी मीच तो मध्येच बंद करायची, त्याचं मला आजही वाईट वाटतं. खोळ हे औषध नाही. इन्हेलर डॉक्टर सांगतील तसा चालूच ठेवायचा.

अभ्यासांचंही असंच आहे. मोठ्या माणसांना नुसत्या खोळीनं फायदा झाला नाही, असं २००३मधल्या इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. मुलांचं चित्र थोडं वेगळं. तिथलाच २०१७चा अभ्यास माइटची ॲलर्जी असलेल्या २८४ मुलांवर झाला: वर्षभरात दम्याचा झटका येऊन रुग्णालयात जावं लागलं ते खरी खोळ असलेल्यांपैकी २९ टक्क्यांना, साधी खोळ दिलेल्यांपैकी जवळपास ४२ टक्क्यांना. म्हणून चाचणी न करता खोळ घेऊ नका असं मी म्हणेन. मूल झुरळानं किंवा धुरानं धापत असेल तर हे चार हजार वाया जातील. माइटची गांधी उठली असेल तर प्युरिफायरच्या आधी ही घ्या.

दिवाळीला आम्ही गुहागरला माझ्या माहेरी जातो. तिथल्या गाद्या माझ्या लग्नाच्याही आधीच्या. गेल्या वर्षी मुलीच्या बॅगेत खोळ आणि अभ्रा घडी घालून नेला. पोचल्यावर चहाच्या आधी आईनं आणि मी मिळून तो चढवला आणि चारही रात्री ती सलग झोपली. या वर्षी बॅग भरताना खोळ तिनंच आठवणीनं काढून ठेवली आहे, चिकटपट्टीच्या रिळासकट.