पन्नास एमएम १.८ : ब्लर झकास, पण माडांपुढे नाही

गेल्या दिवाळीत घेतलेली ५० एमएम १.८ ही कॅमेऱ्याची लेन्स परवा विकायला काढली आणि रात्रीत जाहिरात मागे घेतली. (५० ही फोकल लेंग्थ, ती जितकी मोठी तितकी फ्रेम अरुंद; १.८ हा एफ-नंबर, तो जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं.) कंपनीचं नाव देत नाही, स्वस्त पन्नासची गत सगळीकडे थोडीफार तीच.

तक्रार एकच : झावळ्या. दापोली-हर्णै पट्ट्यात माणूस कुठेही उभा करा, मागे माड येणारच. यूट्यूबवाले शहरातल्या दिव्यांपुढे फोटो काढून मागच्या धूसरपणाला 'क्रीमी ब्लर' म्हणतात. इथे झावळ्यांतून आभाळ दिसतं, प्रत्येक फटीची एक चकती होते आणि चकतीची कड मधल्या भागाहून उजळ. अशा शेकडो कडा एकमेकींवर चढल्या की मागचं मऊ व्हायच्या ऐवजी गजबजतं. पातीपातीला दुहेरी रेघ, वर जांभळी झाक. काकूचा चेहरा सुरेख आणि मागे कुणी हिराची केरसुणी फिरवलीय! दुकानदार म्हणाला, "लेन्स ओके आहे, २.८ ला वापरा." म्हणजे छिद्र लहान करा. झाक कमी होते, खरंय. मग १.८ चे पैसे कशाला मोजले?

त्यात दुपार. रणरणत्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवून १.८ वापरायचं तर शटर १/८००० सेकंदाच्या आसपास लागतं. माझा कॅमेरा १/४००० ला थांबतो. म्हणजे मुरुडच्या पुळणीवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) हवा, तो खर्च वेगळा.

जाहिरात टाकल्यावर कपाटातली ५५-२५० झूम लेन्स काढली आणि हिशेब मांडला. फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. खूप लांबचा दिवा चेहऱ्याशेजारी साधारण तेवढीच चकती होऊन दिसतो; चकती मोठी तितकं मागचं जास्त विरघळलेलं. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ ला ५.६ : १० मिलिमीटर. पन्नास १.८ : २८. आणि २५० ला ५.६ : जवळजवळ ४५! चेहरा तेवढाच ठेवून पाचपट मागे सरकायचं, पुळणीवर जागेला काय तोटा? शिवाय एवढ्या अरुंद फ्रेममध्ये मागे नुसता समुद्र किंवा सुवर्णदुर्गाचा तट घेता येतो, माड बाहेर.

इथवर पन्नास गेल्यातच जमा होती. पण हे गणित मागचं लांब असेल तरच. पन्नासने दीड मीटरवरून चेहरा टिपला, तर मागे आठेक मीटरपर्यंतच्या गोष्टी तीच जास्त विरघळवते. पडवीत, माजघरात पाचपट मागे सरकायला भिंत फोडावी लागेल. गणपतीतल्या आरतीला ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत येतो, आणि मागे जांभ्याची काळपट भिंत असली की कडांचा गोंधळच नाही. हर्णैच्या मासळी लिलावात तिन्हीसांजेला बल्ब लागले की तर विचारूच नका. (मोबाइलचा पोर्ट्रेट मोड तिथे जाळ्याचे अर्धे दोरे खातो.)

एनडी फिल्टर अजून घेतलेला नाही. दुपारी झोपतो.