सीरियल, पहिला सीझन: सात महिने आणि दोन पारायणांनंतर

सीरियल हे अमेरिकन पॉडकास्ट: हे-मिन ली या शाळकरी मुलीचा खून झाला, तिचा माजी प्रियकर अदनान सय्यद दोषी ठरला, आणि पत्रकार सारा केनिग त्या खटल्याचा माग घेते. पहिल्यांदा बाराही भाग आठवड्यात संपवले. तेव्हा विचारलं असतं तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. मग गेल्या महिन्यात ॲप अपडेट झालं आणि डाउनलोड केलेलं सगळं उडालं. मदतकक्षाकडून तीनदा एकच उत्तर: पुन्हा डाउनलोड करा. परत डेटा घालवायचाच, तर नीट कान देऊन ऐकू म्हणून पहिल्यापासून बसले.

पाचवा भाग आजही तितकाच पकडतो. शाळा २:१५ ला सुटते, सरकारी पक्ष म्हणतो खून झाल्यावर अदनाननं केलेला फोन २:३६ ला आला. त्या २१ मिनिटांत खून बसतो का, हे बघायला सारा केनिग खरंच गाडी काढते. असं काम मी आधी ऐकलं नव्हतं. २०१४ मध्ये आयट्यून्सवर सर्वांत वेगानं ५० लाख डाउनलोडचा आकडा गाठला, पुढच्या वर्षी पीबडी हा प्रसारणातला मानाचा पुरस्कार मिळाला, ते उगाच नाही.

पण दुसरा भाग! हे-मिन लीची डायरी वाचली जाते, तो. पहिल्या वेळी मला तोच सर्वांत आवडला होता. आता ऐकताना जाणवलं, डायरी उघडते ती अदनान कसा होता हे शोधायला. १८ वर्षांची मुलगी, त्या दुपारी घरातल्या लहानग्या भावंडाला शाळेतून आणणार होती. तिच्या खासगी पानांचा पुरावा झाला आणि ती स्वतः त्यातून निसटली. मी दोन दिवस याच विचारात होते. तिच्या घरच्यांना विचारलं असतं तर ही पानं त्यांनी वाचू दिली असती?

सप्टेंबर २०२२ मध्ये अदनानचा दोष आणि शिक्षा रद्द झाली, तेव्हा सोमवारच्या सुनावणीची सूचना तिच्या भावाला शुक्रवारी मिळाली. तो व्हिडिओ कॉलवरून बोलला: माझ्यासाठी हे पॉडकास्ट नाही, खरं आयुष्य आहे. दुसऱ्याच दिवशी सीरियलचा नवा भाग आला. २०२४ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी भावाच्या हक्कांचा भंग झाल्याचं मान्य केलं आणि रद्द झालेला दोष पुन्हा लागू ठेवला. मार्च २०२५ मध्ये अदनानची शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी झाली, दोष मात्र कायम राहिला. नुसते बारा भाग ऐकून थांबणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

आता साडेतीन तारे. केनिगच्या मेहनतीबद्दल एक शब्दही मागे घेत नाही. नव्यानं ऐकणाऱ्यांनी बारावा भाग संपला की २०२४ चा निकाल वाचावा. डायरी आली की मी आता पुढे ढकलते.